कालचा हात

जयसिंग : ...आणि मग वहिनीनं दादाला मुसळानं हाणला, मॅडम. दादा आडवा. उलटून एक बोट उचललं न्हाई त्यानं. तळवड्याचा कोंडीराम बायकोकडून हरला. हे आधी लिवून घ्या.

कस्तुरा : असं कायबी झालं न्हाई. लिवू नका, बाई. मालक पाय घसरून पडलं.

डॉक्टर : मुसळ होतं की नव्हतं?

कस्तुरा : व्हतं. घरात असतंच की मुसळ.

जयसिंग : सगळ्या आळीनं बघितलं!

कस्तुरा : आळीला काल बरं दिसायला लागलं. सतरा वर्सं मी मार खात व्हते, तवा आळी भिंतीकडं तोंड करून जेवायची.

डॉक्टर : भांडण चिंचवड स्टेशनवर करा, माझ्या दवाखान्यात नको. पेशंट कोण? मुसळ मारणारी की खाणारा?

जयसिंग : खाणारा. ह्यो काय, बाकावर बसलाय. कोंडीराम, माझा थोरला भाऊ. ही वहिनी, कस्तुरा. मी जयसिंग. मॅडम, मारामारी झाली म्हणून न्हाई आणला त्याला. झाली न्हाई म्हणून आणलाय. दादा बिलकुल फिट असता, तर वहिनी आज इथं चालत आली असती का?

डॉक्टर : म्हणजे बायको धडधाकट आहे, हे नवऱ्याच्या आजाराचं लक्षण.

जयसिंग : बराबर. तुमी हुशार हायसा.

डॉक्टर : कोंडीराम, तुम्ही सांगा. काय त्रास होतोय?

जयसिंग : जरा थांबावं लागंल, मॅडम. उत्तर निघालंय त्याचं. पोचायला येळ लागतो.

डॉक्टर : बरं. आणि एप्रिलमध्ये हा स्वेटर? वर कानटोपी?

कस्तुरा : दोन गोधड्या रिक्षात हायेत. रिक्षावाला म्हणला, पेशंट हाय का लोणच्याची बरणी?

डॉक्टर : काम काय करतात?

जयसिंग : भोसरीला फोर्जिंगमधे व्हता, हॅमरवर. तापलेलं लोखंड चिमट्यात धरायचं न् वरनं हॅमर पडायचा. हॅमरपरीस दादाचा आवाज मोठा. एकदा फोरमननं ओव्हरटाइम कापला, तर दादानं फोरमनला तेलाच्या टाकीत बुडवून काढला. मेला न्हाई. नुसता चकाकला. आन् दुसऱ्या युनियनचा दत्तोबा हाय ना, त्याचा कान दादानं दातानं तोडला. अजून सापडला न्हाई.

डॉक्टर : दत्तोबा?

जयसिंग : कान.

डॉक्टर : आणि घरी कसे होते?

जयसिंग : घरी काय, घरी नॉर्मल.

कस्तुरा : डावं मनगट, दोन येळा. पुढचं दोन दात. उजवा कान, त्यात आता फकस्त शिट्टी वाजती, म्हणून तुमी माझ्या डावीकडनं बोला. आन् पोटातलं एक पोर, सहाव्या महिन्याचं. बाकी घरी नॉर्मल.

डॉक्टर : ...मी इकडून बोलते. माझ्या आईशी पण एकाच बाजूनं बोलायला लागायचं. देहूरोडला.

कस्तुरा : मंग तुमाला ठावं हाय.

डॉक्टर : चौकीत गेलात कधी?

कस्तुरा : लई येळा. हवालदार सांगायचा, कारकून लिवायचा. सदर इसम, सदर इसम. मला समदं पाठ झालंय, नाटकातल्यावाणी. पर हवालदार मालकांसंगं एका तालमीत व्हता. माझा अर्ज घ्यायचा, मालकांना बोलवायचा, चहा पाजायचा आन् माझाच अर्ज मोठ्यानं वाचून दाखवायचा. दोघं हसायचं. मंग मालक घरी येऊन उरलेलं वाचायचं.

कोंडीराम : थंडी... वाजती.

जयसिंग : आलं! मॅडम, आलं बघा उत्तर!

डॉक्टर : कळलं. टोपी काढा त्यांची. भुवयांचे कडेचे केस गेलेत. चेहरा सुजलाय. कातडी फणसासारखी. हा गळा असा करपलेला का दिसतोय?

जयसिंग : शेक दिलाय तिथं. घशात कॅन्सर झाला व्हता. तंबाखू, दुसरं काय. एकोणऐंशी साली मुंबईला न्हेला. दीड महिना रोज मशीनखाली झोपवून शेक दिला. गाठ गेली. आवाज बसला. आन् सहा-आठ महिन्यांनी दादा असा व्हत चालला. पयलं वाटलं, अशक्तपणा. मंग आमी म्हणलं, शेकानं गाठीबरुबर राग बी जाळला.

कस्तुरा : आळीतल्या बायका माझी ओटी भरून गेल्या. त्यातली शालनबाई इचारीत व्हती, नवऱ्याला कॅन्सर नसला तर नुसता शेक देत्यात का?

डॉक्टर : मुंबईच्या डॉक्टरांनी परत तपासायला बोलावलं असेल.

कस्तुरा : बोलवलं व्हतं.

डॉक्टर : गेला नाहीत?

कस्तुरा : बरं चाललं व्हतं.

डॉक्टर : कुणाचं?

कस्तुरा : माझं.

डॉक्टर : हं. कोंडीराम, बाकावर गुडघे टेका. पाय मागं लोंबकळू द्या. असे. आता ही हातोडी टाचेच्या वर मारणार आहे.

जयसिंग : मॅडम, मॅडम! आजवर ह्या माणसावर कुणी हातोडी उगारली न्हाई. दार उघडं ठिवू का?

डॉक्टर : ठेवा.

(डॉक्टर टाचेवरच्या शिरेवर हातोडी मारतात. पाऊल झटकन उडतं. मग जत्रा बघून घरी निघालेल्या माणसासारखं रेंगाळत जागेवर येतं.)

डॉक्टर : बघितलंत? जातंय नीट, परत यायला वेळ लागतो. गळ्यात इथं पुढं एक ग्रंथी असते, थायरॉईड. अंगाची शेगडी म्हणा. घशाला शेक दिला की बाजूच्या ह्या ग्रंथीलाही तो लागतो. लगेच काही कळत नाही. कधी सहा महिन्यांनी, कधी वर्षानं, कधी पाच वर्षांनी ती विझत जाते. मग माणूस गार पडतो, सुजतो, सुस्त होतो. म्हणून ज्यांच्या गळ्याला शेक दिलाय, त्या सगळ्यांचं रक्त दर सहा-आठ महिन्यांनी बघायचं असतं. त्रास असो की नसो.

जयसिंग : सगळ्यांचं? म्हंजे असं आणखी हायेत?

डॉक्टर : ह्या पट्ट्यात माझ्याकडे सहाजण आहेत. दोघांची ग्रंथी विझली होती. त्यातला एक सरकारी कचेरीत आहे, त्याचं दोन वर्षं कुणाला कळलंच नाही.

जयसिंग : आन् औषध?

डॉक्टर : एक छोटी गोळी. रोज सकाळी, उपाशीपोटी, जन्मभर. आज रक्त घेते, मुंबईला पाठवते. उत्तर आलं की सुरू.

जयसिंग : मॅडम, सोमवारपतुर व्हईल का?

डॉक्टर : सोमवारी काय आहे?

जयसिंग : गेट मीटिंग. दत्तोबा माणसं घेऊन येणार, सायकलच्या चेनी बिनी घेऊन. मी सगळ्यांना सांगितलंय, भावांनो, घाबरू नका, दादा हाय. मागल्या मीटिंगला बी दादा न्हेला व्हता. दत्तोबानं त्याला आईवरनं शिवी दिली. दादा नुसता बघतोय. आमाला वाटलं, डाव हाय. आमची डोकी फुटली, पोलीस आलं, गेलं, सेकंड शिफ्ट आत गेली. आन् मग दादा पेटला. अशी शिवी घातली, अशी शिवी घातली! पर तिथं तवा फकस्त चहावाला व्हता. बिचारा गाव सोडून गेला.

डॉक्टर : सोमवारी काही होणार नाही. गोळी अगदी कमी सुरू करायची आणि महिन्या-महिन्यानं वाढवायची. एकदम दिली तर हृदयावर ताण येतो.

जयसिंग : आन् नाय दिली तर?

डॉक्टर : आणखी गार पडत जातील. एखाद्या थंडीत झोपतील ते उठणारच नाहीत.

जयसिंग : ऐकलंस, वहिनी? मुंबईवाल्यांनी बोलवलं व्हतं, तुला ठावं व्हतं, तू गप! माझ्या भावाला बसून बसून मारीत व्हतीस तू!

कस्तुरा : मी बसून? मी बसले कदी? ह्यांना उठवायचं, बसवायचं, खाऊ घालायचं...

जयसिंग : गप! झिपरी धरून रस्त्यावर...

डॉक्टर : तिचे केस सोडा. जयसिंग! हातोडी अजून माझ्या हातात आहे.

जयसिंग : ही आमच्या घरातली गोष्ट हाय, मॅडम. हिचं थोबाड...

कस्तुरा : भावजी, बाजूला व्हा.

जयसिंग : आता घाबरलीस व्हय?

कस्तुरा : तसं न्हाई. बाजूला व्हा. हात आलाय.

जयसिंग : कुणाचा हात?

कस्तुरा : मी सरकले बघा. तुमी बी सरका. अवो, सरका की!

जयसिंग : कसला हा... आई गं! आई गं!!

डॉक्टर : बसा. खाली बसा. डोकं पुढं करा. थुंका इथं. दात आहे का तो?

जयसिंग : दात! मॅडम, दादानं माझा दात पाडला! दादानं मारलं! बरा झाला! गोळी न देता बरा झाला! दादा, सोमवारी आलास तर...

डॉक्टर : बोलू नका, ओठ फाटलाय. टाका घालायला लागेल. बाई, हे काय होतं?

कस्तुरा : कालचं.

डॉक्टर : काय कालचं?

कस्तुरा : कालच्या मुसळाचं उत्तर. मला व्हतं ते. आज सकाळपस्नं निघालं व्हतं. रिक्षातच खांदा हलताना मी बघितला.

डॉक्टर : म्हणजे राग जळाला वगैरे...

कस्तुरा : कशाचा जळतोय! राग हाय तेवढाच हाय, बाई. तसूभर कमी न्हाई. पयलं काय व्हायचं, हात दिसायचाच न्हाई. मी खाली पडल्यावर मला कळायचं की हात आला व्हता. आता दिसतो. खांदा हलतो, मंग कोपर, मंग मूठ वळती. तवर माझी तव्यावरची भाकरी उलटून व्हती, पोळपाट उचलून व्हतो, मी दारात जाऊन उभी ऱ्हाते. हात येतो न् भिंतीवर बसतो. आमची भिंत बघा येऊन, खड्डं पडल्यात. त्या शेकानं मला दुसरं कायबी दिलं न्हाई. तेवढा येळ दिला.

जयसिंग : लई हुशार! आन् मुसळ? काल त्यानं तर हात बी उचलला नव्हता.

कस्तुरा : काल मालक चुलीपाशी बसल्या बसल्या झोपलं. धोतराचा सोगा चुलीत. पेटला. मी हाका मारल्या, हालवलं, पाणी ओतलं. मांडीपतुर जाळ आला तरी जागं न्हाई. मंग मुसळ घेतलं.

डॉक्टर : उठवायला मारलंत?

कस्तुरा : पयला फटका उठवायला.

डॉक्टर : आणि बाकीचे?

कस्तुरा : बाकीचं माझं.

डॉक्टर : ...किती होते?

कस्तुरा : काय झालं न्हाई म्हणले ना तुमाला. पाय घसरून पडलं.

डॉक्टर : बरं. मी मांडीला मलम देते. भाजलंय तेवढंच लिहिते.

कस्तुरा : बाई, मला सरळ सांगा. ती गोळी खाल्ली की काय काय परत येईल?

डॉक्टर : सूज उतरेल. थंडी जाईल. झोप कमी होईल. बोलणं, चालणं पूर्वीसारखं.

कस्तुरा : पाय बी पूर्वीसारखा उडंल?

डॉक्टर : उडेल आणि लगेच परत येईल.

कस्तुरा : हात बी?

डॉक्टर : हात, पाय वेगळे नसतात, बाई. शेगडी एकच आहे.

कस्तुरा : कवापतुर येईल हात?

डॉक्टर : दिवाळीच्या आसपास.

जयसिंग : दिवाळी म्हंजे बोनसची मीटिंग! चालंल, मॅडम, एकदम चालंल. दत्तोबाला दिवाळीचं सांगतो.

डॉक्टर : तोंड मिटा, टाका तुटेल. कस्तुराबाई, ऐका. गोळी रोज कुणीतरी द्यायला हवी. ह्यांच्या लक्षात राहणार नाही. ह्या जयसिंगवर माझा भरवसा नाही. म्हणजे तुम्हीच.

कस्तुरा : म्हंजे डबी माझ्या हातात ऱ्हाणार.

डॉक्टर : हो.

कस्तुरा : हात लवकर यायला लागला, तर मी डबी दोन-चार दिस लपवली तर?

डॉक्टर : दोन-चार दिवसांनी काही होत नाही. महिनाभर लपवलीत तर ते पुन्हा गार पडतील. जास्त लपवलीत तर मरतील. आणि मग चौकीत तुमचा तो हवालदार पहिल्यांदा कामाला लागेल.

कस्तुरा : व्हय. तवा लागंल.

डॉक्टर : मी हे ऐकलेलं नाही. तुम्ही विचारलेलं नाही.

कस्तुरा : मी काय इचारलं? कायबी न्हाई. ...माझ्याच्यानं व्हायचं बी न्हाई, बाई. मला ह्यांना मारायचं असतं, तर काल नुसतं बघत बसायचं व्हतं. मुसळ कशाला उचलायचं?

डॉक्टर : माहेरी कोण आहे?

कस्तुरा : दिघीला भाऊ हाय. मनगट मोडलं तवा गेले व्हते. त्यानं हळद लावली, भजी खाऊ घातली न् दुसऱ्या दिशी बसमधे बसवलं. तिकीट त्यानंच काढलं.

डॉक्टर : दर दोन महिन्यांनी रक्तासाठी इथं या. ह्यांचा पाय मी बघेन. हाताचं तुम्ही मला सांगायचं. खरं खरं. वाटलं तर मी गोळी तेवढ्यापुरती वाढवणार नाही.

कस्तुरा : मंग त्यात मालक बरं व्हतील का?

डॉक्टर : नाही. अर्धवट राहतील. आणि सुजलेल्या माणसाला कायमचं सुजलेलं ठेवणं, हे मला कुणी शिकवलेलं नाही. म्हणून मी जास्त दिवस तसं करू शकणार नाही, हे आत्ताच सांगते.

कस्तुरा : खरं बोलता तुमी.

डॉक्टर : तर मग आता रक्त घ्यायचं की नाही? तुम्ही हो म्हणाल्याशिवाय सुई काढणार नाही.

जयसिंग : तिला काय इचारता? भाऊ माझा हाय!

डॉक्टर : दात उचला आणि बाहेर बसा.

जयसिंग : मॅडम, मी फकस्त...

डॉक्टर : बाहेर.

कस्तुरा : अवो. ऐकताय का? बाई रक्त घेणार हायेत. मंग गोळी देणार. मंग तुमी बरं व्हणार. मला एक सांगा. बरं झालं, की परत मारणार का मला?

डॉक्टर : उत्तराला वेळ लागेल.

कस्तुरा : लागू द्या. मला कुठं जायचंय? ...त्यांची बाही मी वर करते. केवढं गार लागतंय अंग. मडक्यावाणी.

डॉक्टर : हात धरून ठेवा. हलला तर शीर सुटेल.

कस्तुरा : कुठला धरू?

डॉक्टर : उजवा. डाव्याला शीर दिसत नाही.

कस्तुरा : ह्यो?

डॉक्टर : हाच. मनगटाशी घट्ट धरा.

कस्तुरा : गंमत बघा, बाई. सतरा वर्सं ह्यो हात मला धरायचा. म्या त्याला आज पयल्यांदा धरलाय. एवढाच हाय व्हय? मला वाटलं, लई मोठा असंल.

डॉक्टर : घट्ट. सुई टोचतेय.

कस्तुरा : घ्या. म्हणले मी हो. घ्या.

डॉक्टर : येतंय रक्त. हळू येतंय, पण येतंय.

कोंडीराम : व्हय.

डॉक्टर : काय म्हणाले?

कस्तुरा : गप, बाई. त्यांचं बोलणं पुरं व्हऊ द्या.

कोंडीराम : व्हय... मारीन.

कस्तुरा : बघा. इचार करून सांगितलं. सतरा वर्सांत पयल्यांदा इचार करून कायतरी केलं माणसानं.

डॉक्टर : सुई काढू? अजून थांबवता येईल. बाटली फेकून देते.

कस्तुरा : नगं. घ्या पुरतं. हात मी धरलाय. ...बाई, तुमच्याकडं कोरा कागद हाय?

डॉक्टर : आहे. कशाला?

कस्तुरा : सांगते ते लिवा. कुणाला द्यायचा ते तुमी ठरवा, चौकीत नगं. अर्जदार कस्तुरा कोंडीराम, राहणार तळवडे, विनंती अर्ज करिते की, सदर इसमाचे सर्व अवयव औषधोपचाराने पूर्ववत करण्यात यावेत, फक्त उजवा हात आजरोजी आहे त्याच गतीवर कायम ठेवण्यात यावा.